मागची जोडी मोठी

रोज सकाळी जीप सुरू करण्याआधी फुलसिंगनाना हातात सुतळी घेऊन तिच्याभोवती एक फेरी मारायचे. एकेका चाकाशी उकिडवं बसायचं, जमिनीपासून टायरच्या माथ्यापर्यंत सुतळी ताणायची आणि सुतळीला मारलेली गाठ कुठे येते ते बघायचं. चारही चाकं झाली की सुतळी दाराच्या खिळ्याला आणि मग चावी. शाळेत नव्याने येणाऱ्या शिक्षकांना ही काहीतरी पूजाच वाटे. माझी बहुतेक नोकरी डोंगरकड्याजवळच्या त्या तांड्यावरच्या शाळेत गेली. ही पूजा कशी सुरू झाली ते मला पक्कं ठाऊक होतं.

नानांच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहिलेलं. नाना शेती करायचे आणि तांड्यावरून आखाडा बाळापूरला जीप चालवायचे, पण जीपकडेही त्यांची नजर बैलवाल्याचीच. इंजिन तापलं की ‘दम लागला तिला’ म्हणत सावलीत उभी करायचे. वळणावर मला विचारायचे, "तकलीफ व्हत असंल तर सांगा बाई. ही मुकी हाय, तुमी तरी बोला." तांड्यात त्यांचा शब्द शेवटचा. भांडण कुणाचंही असो, ते उठून उभे राहिले की दोन्ही बाजू गप्प व्हायच्या. हट्टी मात्र इतके, की त्यांना समजावण्यापेक्षा जीप ढकललेली बरी.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जीपचे टायर पार गुळगुळीत झाले होते. तांड्याच्या वाटेवर बैलगाड्यांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या, त्यामुळे जीपचं पोट मधल्या उंचवट्याला घासायचं. बाळापूरला नानांनी मागे घालायला मोठे टायर निवडले आणि पुढे मूळ मापाचेच. मिस्त्री वैतागला.

"नाना, चारी एकाच मापाचे घ्या."

"काहून? नांगराला दोन जोड्या जुपतो तवा दांडगी जोडी मागं, नांगराजवळ ऱ्हाते. लहानी पुढं. जोडीला जोड बराबर असली म्हंजे झालं!"

"मग गिअरशेजारचा हा चिखलासाठीचा लहाना दांडा कधी ओढू नका. हा ओढला का इंजिनाचा जोर पुढच्या चाकालाबी जातो. लहान चाकाला जास्ती फिरावं लागतं, मोठ्याला कमी. आतमधी ओढाताण व्हऊन समदं मोडंल."

"उन्हाळ्यात चिखल कुठं हाय? कोण ओढून राहिलं दांडा!" नाना हसले. जीप उंच झाली, पोट घासेनासं झालं आणि ते चार दिवस ऐटीत हिंडले.

त्याच उन्हाळ्यात, मार्चमध्ये सोनीची दहावी होती. सोनी म्हणजे नानांच्या धाकट्या भावाची, परसरामची लेक. दहावीपर्यंत पोहोचलेली तांड्यातली पहिलीच मुलगी. परसरामने तिला सांगून ठेवलं होतं, "पास झाली तर शीक पुढं. न्हाई तर लगीन." गणिताच्या पेपरच्या दिवशी पहाटे गारपीट झाली. काळ्या मातीत जीप बुडापर्यंत रुतली. सोनी मागे, मी नानांच्या शेजारी. नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दांडा ओढला. जीप चिखलातून निघाली, डांबरी रस्त्याला लागली आणि मग दांडा परत जागेवर जाईना. थांबायला वेळ नव्हता, तशीच पळवली. बाळापूरच्या अलीकडे खालून मोठा आवाज आला आणि जीप जागच्या जागी उभी राहिली. गारपिटीमुळे रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, दुसरी गाडी येणार कुठून? आम्ही दोघी धावत सुटलो. केंद्रावर पोहोचलो तेव्हा फाटक बंद झालं होतं. सोनी रडली नाही. फाटकाच्या गजाला धरून नुसती उभी राहिली. मला आजही तो गंजका गज दिसतो.

निकाल लागल्यावर मी परसरामला सांगितलं, राहिलेला पेपर ऑक्टोबरमध्ये देता येतो. तो म्हणाला, "लगीन ठरलं बाई." नाना दारातच उभे होते. एरवी गावाला गप्प करणारा माणूस, पण त्या दिवशी भावापुढे चकार शब्द काढला नाही. मान खाली घालून निघून गेले. सोनीचं लग्न साखऱ्याकडच्या तांड्यात झालं. जीप दुरुस्त झाली, चारही टायर एका मापाचे आले आणि सुतळी सुरू झाली.

वर्षं गेली. एका होळीला सोनी लेकरांना घेऊन माहेरी आली होती. सकाळी नाना मागच्या चाकाशी बसले होते आणि मी शेजारी उभी होते. सोनी म्हणाली, "मोठे बा, किती वर्सं मोजून राहिलात! टायरामुळं माझा एक पेपर गेला. माझी शाळा न्हाई गेली. बाप न्हाई म्हणला तवा तुमी गप ऱ्हायलात, म्हणून गेली."

नानांच्या हातातली सुतळी तशीच राहिली. मला त्यांचा फार राग होता आणि त्या क्षणी फार दयाही आली. मग त्यांनी मला विचारलं, "बाई, आता बसता येतं का तिला परीक्षेला?" मी म्हटलं, शाळेतून पुन्हा फॉर्म भरून बसता येतं. "तुला बसायचं का गं लेकरा?" हा प्रश्न तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी विचारला होता. ती लगेच ‘व्हय’ म्हणाली.

नाना जीप घेऊन साखऱ्याला गेले. तिच्या सासरच्यांशी काय बोलले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. सोनी म्हणाली, दिवसभर ओसरीवर बसून होते, पाणीसुद्धा घेतलं नाही आणि नवरा कबूल झाल्यावरच उठले. फॉर्म भरला गेला.

पण मार्च त्यांनी पाहिला नाही. थंडीत छातीत दुखण्याचं निमित्त झालं आणि नाना गेले.

गणिताच्या पेपरच्या दिवशी जीप त्यांच्या मुलाने, किसनने काढली. मीही निघाले होते. किसनने सवयीने खिळ्यावरची सुतळी घेतली आणि पुढच्या चाकाशी बसला. परीक्षेसाठी माहेरी आलेली सोनी पुढे, एरवीच्या माझ्या जागेवर जाऊन बसली होती. डोळे भरलेले, पण आवाज अगदी नानांसारखा.

"ठेव ती सुतळी," ती म्हणाली. "पेपरचा टाइम व्हऊन राहिला. चल."