पाणचक्कीजवळ बसलेली आई

मंडळी, आज दुपारी नातीला औरंगाबादची पाणचक्की दाखवली. ती दोन मिनिटांत कंटाळली. मी मात्र तिथल्या वडाखाली बसूनच राहिलो.

सत्तरच्या दशकात, मी चौथीत असताना, दिवाळीच्या सुट्टीत वडील आम्हाला बोरीहून एसटीनं इथं घेऊन आले होते. घरी आई रोज पहाटे जात्यावर ज्वारी दळायची. इथं पाण्याच्या जोरावर दगडी जातं आपोआप फिरत होतं.

तिनं पहारेकऱ्याला विचारलं, "याला फिरवायला कोणीच न्हाई?"

"नहीं अम्मा, सिर्फ पानी."

वडिलांना मकबऱ्याची घाई. आई म्हणाली, "तुमी जाऊन या. मी हितंच बसते."

मला रागच आला. एवढ्या लांब येऊन जातंच बघायचं?

मकबरा बघून, जिलेबी खाऊन आम्ही दोन तासांनी परतलो. आई तिथंच होती, जात्याकडं बघत, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

"काय केलंस इतका वेळ?" वडिलांनी विचारलं.

"काईच न्हाई," ती म्हणाली, आणि लय खुशीत हसली.

रिकाम्या हातांनी बसलेली आई मी त्या एकाच दिवशी पाहिली. तुम्ही तुमची पाहिलीय का कधी?