भाऊकाकाचे कामकरी

एका सोमवारी काकू मिनीला घेऊन जळगावला माहेरी गेली आणि परत आली नाही. भाऊकाका त्या दिवशी सातपूरला कारखान्यात कामावर गेला. संध्याकाळी तो आमच्याकडे जेवला. त्यांची मिनी तेव्हा तीन वर्षांची होती.

भाऊकाका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. त्या सोमवारनंतर त्याने रविवार घरी काढणं सोडून दिलं. स्वस्थ बसणारा तो आधीही नव्हता. खुर्चीत बसला तरी एक पाय हलत असायचा, चहा उभ्यानेच प्यायचा. पण आता सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही दातही घासलेले नसायचे, तेवढ्यात तो पंचवटीच्या आमच्या घराच्या दारात घराच्या किल्ल्या वाजवत उभा.

"वहिनी, पोरं तयार करा. शिवा जीप घेऊन येतोय."

"अहो भाऊजी, मागच्याच रविवारी त्र्यंबकला जाऊन आलो ना!" आई म्हणायची.

"मग आज त्र्यंबकला नाही जायचं."

मोठी माणसं पुढे आणि मधे बसत. मागच्या आडव्या बाकांवर आम्ही भावंडं, शेजारची एकदोन पोरं आणि गुडघे पोटाशी घेतलेला भाऊकाका. जीप सुरू होण्याआधी तो कामं वाटायचा. एकाकडे पाण्याचा कॅन: तो सांडायचा नाही आणि मागितल्यावरच द्यायचा. एकीकडे भेळेचा डबा. एकाने मागून येणाऱ्या गाडीवर डोळा ठेवायचा आणि तिला पुढे जायचं असलं तर शिवाला ओरडून सांगायचं. कामकरी नेमले की मग जीप हलायची.

बाबा पुढून म्हणायचे, "अरे, गाणीबिणी म्हणायला लाव त्यांना. सहलीला आणून कामाला काय जुंपतोस?"

"गाणी दोन वळणांपुरती असतात, दादा," भाऊकाका म्हणायचा. "आणि काम खरं पाहिजे. खोटं दिलं की पोरांना लगेच कळतं."

माझा धाकटा भाऊ पिंट्या दिंडोरी ओलांडली की हमखास ओकायचा. भाऊकाकाने त्याच्या हातात लिंबू आणि ओला रुमाल दिला. "कोणाला मळमळलं तर तू बघायचं. तूच आडवा झालास तर आमचं कोण करणार?" पिंट्या त्या दिवशी प्रत्येकाचं तोंड इतक्या बारकाईने न्याहाळत बसला की स्वतःचं पोट विसरला. संध्याकाळी घरी येईपर्यंत कोणाला काही झालं नाही, याचंच त्याला वाईट वाटलं.

माझ्याकडे दगडाचं काम होतं. चढावर जीप तापली की शिवा थांबायचा, आणि मी उडी मारून मागच्या चाकाला दगड लावायचे. निघताना तोच दगड उचलून कडेला ठेवायचा, मागच्या गाडीखाली येईल असा टाकायचा नाही. "पुस्तकात डोकं घालून बसतेस. घाटात तरी बाहेर बघशील," असं भाऊकाका म्हणाला होता.

मिनी सात वर्षांची झाली त्या मे महिन्यात तिचा मामा तिला दोन दिवसांसाठी नाशिकला घेऊन आला. तोवर भाऊकाकाने जळगावला किती फोन केले होते, कोण जाणे. मामाने आमच्या ओसरीवरच बजावलं, "पोरगी रमली तर दिवाळीत पुन्हा आणतो. रडली तर मात्र विषय काढू नका, भाऊसाहेब."

भाऊकाकाने देवळाली कॅम्पच्या बाजारातून चावीचं माकड, बाहुली, रंगीत गॉगल, काय काय आणलं. दुसऱ्या दिवशी आम्ही वणीच्या गडावर निघालो. त्याने सगळ्यांना कामं दिली आणि मिनीला खिडकीची जागा दिली. माकड नाचवलं. कोंबड्याचा आवाज काढला, म्हशीचा काढला. आम्ही हसून लोळत होतो. मिनी मांडीवर बॅग घट्ट धरून बसली होती. बाहुली तिने हातात घेतली आणि नीट बाजूला ठेवली. दिंडोरी गेली, वणी गेली. भाऊकाकाचा आवाज मोठा मोठा होत चालला, आणि पाय तर थांबतच नव्हता. "लिमलेट देऊ? भूक लागलीय? ऊन लागतंय का?" ती नुसती मान हलवायची.

नांदुरीच्या पुढे घाट लागला आणि शिवाने जीप थांबवली. "लय तापलीय, दादा. दगड लावा." मी उडी मारली. पिंट्या लिंबू घेऊन उतरला, कॅनवाला पाणी घेऊन पुढे धावला. जीपमध्ये मागे मिनी आणि भाऊकाका दोघंच राहिले.

"पप्पा," ती म्हणाली. तिने त्याला हाक मारलेली आम्ही पहिल्यांदा ऐकली. "सगळ्यांना काम आहे. मला का नाही?"

"अगं, तू पाहुणी ना आमची!" भाऊकाका हसत म्हणाला.

मिनी त्याच्याकडे बघत राहिली. "मी पाहुणी आहे?"

भाऊकाकाचं हसू तसंच राहिलं, पण ते आता नुसतं तोंडावर होतं. आमच्याकडे पाहुण्याला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाहीत, आणि लेकीचे लाड करता करता त्याने तिला पाहुण्याच्याच जागी नेऊन बसवलं होतं. तो खाली उतरला. मला म्हणाला, "दगड आता मिनीकडे." मला ते मुळीच आवडलं नाही, पण त्याचा चेहरा बघून मी बाजूला झाले.

शिवाने जीप सुरू केल्यावर मिनीने तो दगड दोन्ही हातांनी पोटाशी धरून कडेला नेला. नवा फ्रॉक मातीने भरला. "इथे ठेवू?" "अजून आत. हां, तिथे." मग पुढे प्रत्येक वळणाला ती विचारू लागली, "शिवाकाका, तापली का? आता तापली का?" शिवा म्हणाला, "थांब की गं माय, गाडी जाळती का माझी!" आणि मिनी हसली. गडावर पोचेपर्यंत ती एकसारखी बोलत होती. भाऊकाका गुडघे पोटाशी घेऊन तिचं ऐकत होता. पाय हलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर ती मामाबरोबर एसटीत चढेना. जळगावला गेल्यावर आठवडाभर रडत होती म्हणे. रडली तर नाही, असं ठरलं होतं; काकूने तिला पुन्हा पाठवलं नाही.

भाऊकाका दिवाळीनंतर पुन्हा आम्हाला फिरवू लागला. दगडाचं काम मात्र त्याने कोणाला दिलं नाही, मलाही नाही. स्वतः उतरायचा. मी मोठी झाले, वाचनालयात नोकरीला लागले. मागच्या बाकावर शेजारच्यांची नवी पोरं आली. मिनी कॉलेजात असताना दोनदा येऊन भेटून गेली. दोन्ही वेळा त्याने तिच्यासमोर बसून चहा घेतला. ती गेल्यावर म्हणाला, "काही सुचलंच नाही बघ बोलायला."

गेल्या मार्गशीर्षात भाऊकाका गेला. मिनी दहाव्याला आली होती. नदीच्या घाटावरून परतताना म्हणाली, "ताई, माझ्याकडे पप्पांची एकच सहल आहे. तुझ्याकडच्या सांग ना."

तेव्हापासून माझं वाचनात लक्ष लागत नाही. पान उघडं ठेवून मी या खोलीतून त्या खोलीत फिरत असते. मिनी पुण्यात नोकरी करते. रविवारी तिचा फोन येतो आणि मी तिला एक सहल सांगते. अजून बऱ्याच सांगायच्या राहिल्या आहेत.