मीराचा फोटो

पुण्याहून निघाले तेव्हा पिशवीत नवाकोरा डिजिटल कॅमेरा होता आणि मनात फक्त धारूरचा किल्ला. पहाटेच्या एसटीनं दुपारी तिथं सोडलं. बुरूज आणि बालाघाटचे पिवळे डोंगर टिपताना बॅटरी बरीच संपली. दुसऱ्या दिवशी सिरसाळ्याला गेले. माझी मैत्रीण उषा, तिचं ते माहेर.

तिचे भाऊ अण्णा यांचं धान्याचं दुकान, मागं घर. वीज सकाळपासून गेलेली. वहिनींनी धपाटे (ज्वारीच्या पिठाच्या तिखट पातळ भाकरी) आणि दही वाढलं. जेवण होताच अण्णा म्हणाले, "ताई, आमच्या मीराचा फोटू काढा. स्थळ आलंय. पुण्यातनं छापून पाठवा."

मीरा त्यांची मुलगी. सावळी, तरतरीत. अंगणात ऊन होतं, पण "बाहेर नगं, लोक बघत्यात," म्हणून तिला माळवदाच्या (सपाट मातीच्या छताच्या) अंधाऱ्या खोलीत उभं केलं. फ्लॅश उडाला. पडद्यावर चुना फासल्यासारखा चेहरा आला.

"लई गोरी आली! हाच छापा," अण्णा म्हणाले.

मीरानं वाकून पाहिलं. "पुसा तो, ताई. मागं असाच फोटू गेलता. लोक आले, मला बघितलं आन् चहा न घेताच उठले."

"गप बस! फोटू बघूनच लोक येत्यात."

वहिनी दारातच थबकल्या. मी म्हटलं, अजून एक काढू. पांढऱ्या भिंतीपुढं काढला, तर चेहरा पार काळवंडला.

"आता हा पाठवू का?" अण्णा उसळले. "कावून (कशाला) पुन्हा काढायचा?"

बॅटरीची खूण लुकलुकायला लागली. दोन्ही फोटो मागंपुढं करून बघताना उमगलं, की कॅमेऱ्याला चेहरा कळतच नव्हता. तो सगळी चौकट मोजत होता. मागं अंधार दिसला की फ्लॅश भरमसाट टाकायचा, पांढरी भिंत दिसली की हात आखडायचा. फ्लॅशचा जोर कमीजास्त करायची सोय होती. तिला मी कधी हातच लावला नव्हता. मीराला पुन्हा अंधाराकडं पाठ करून उभं केलं, फ्लॅश उणा केला, बटण दाबलं. उजेड झाला आणि पडदा विझला. बॅटरी संपली होती.

"मग पहिलाच छापा," अण्णांनी निकाल दिला.

एसटीपर्यंत मीरा सोबत आली. "शेवटचा आला असला तर तोच पाठवा," एवढंच म्हणाली.

परतीचा सगळा रस्ता मी कॅमेरा मांडीवर धरून होते. पुण्यात फोटोवाल्यानं कार्ड लावलं. शेवटचा फोटो आला होता. मीराचा स्वतःचा रंग, सरळ नजर. "चेहरा उजळ करू का?" त्यानं विचारलं. नको म्हटलं. तोच एक छापून पाठवला, सोबत अण्णांची माफी मागणारी चिठ्ठी.

महिन्यानं अण्णांचा फोन आला. "नकार आला, ताई."

कॅमेरा समजून घेताना दुसऱ्याच्या घरात मी फार पुढं तर गेले नव्हते?

मग अण्णाच म्हणाले, "मीरा म्हणती, पुढच्या स्थळालाबी हाच जाऊ द्या. अजून चार कापी पाठवा."