कडेवरचं नाव

अण्णा गेल्याचा भावाचा फोन आला तेव्हा मी इथे परदेशात, न्यू लिनच्या फार्मसीत एका आजोबांना गोळ्या समजावून सांगत होते. मिळेल ते विमान पकडलं असतं तरी अंत्यदर्शनाला पोचणं शक्य नव्हतं... त्याला आता सहा आठवडे झाले. तरी वडिलांची आठवण काढली की मला आधी हसूच येतं.

तालुक्याच्या गावी एका दुकानाच्या पायरीवर बसून अण्णा भांड्यांवर नावं घालायचे. एक बारीक छिन्नी, एक हातोडी. त्या टकटकीवर मी बी. फार्म. झाले, आमच्या घरातली पहिली पदवीधर. नाव घातलेलं भांडं लग्नकार्यात कुठेही गेलं तरी आपल्या घरी परत येतं, यावर त्यांचा पक्का विश्वास होता.

गेल्या वर्षी ते आमच्याकडे राहायला आले होते. अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात जुन्या चमच्यांच्या ढिगात त्यांना एक काळवंडलेलं पदक सापडलं. त्यांचा अंगठा आधी कडेवरच गेला. "अगं, नाव आहे यावर! मग हे इथे काय करतंय?"

माझ्या मुलीने, ईराने, ते नाव आणि शेजारचा नंबर कॉम्प्युटरवर शोधला. वॉल्टर नावाचा ब्रिटिश शिपाई. पहिल्या महायुद्धात मारला गेला. पदक नंतर त्याच्या आईला पोस्टाने आलेलं. पुढे दोन आठवड्यांनी ती ओरडली, "आजोबा, फाउंड हर!" वॉल्टरचं कुटुंब पुढे इकडेच स्थायिक झालेलं; त्याच्या धाकट्या भावाची मुलगी जोन, नव्वदीला टेकलेली, फ्लॅट बुश उपनगरातल्या वृद्धाश्रमात राहत होती. अण्णांचं परतीचं विमान गुरुवारचं. बुधवारची भेट ठरली.

बुधवारी सकाळी पाहते तर अण्णांनी पदक चिंचेने घासून लख्ख केलेलं! देवाची उपकरणी घासावीत तसं. ईराने डोक्याला हात लावला. "आजोबा, नो! जुनी मेडल्स कोणी घासत नाही. इट्स हिस्ट्री!"

अण्णांचा चेहरा उतरला. "मेलेल्या पोराची वस्तू बिघडवली का गं मी?" गाडीत ते पदक रुमालात झाकून बसले.

जोनबाईंना (हे 'बाई' अण्णांचंच) नीट दिसत नाही. त्यांनी पदक खिडकीशी धरलं, उजेड त्यावरून डोळ्यांत गेला आणि त्या खळखळून हसल्या. "माझी आजी दर रविवारी व्हिनेगर आणि मिठाने घासायची. अस्संच दिसायचं! मग घर बदलताना हरवलं... तुम्ही कशाने घासलंत?"

मी चिंच म्हणजे काय ते समजावत होते, तोवर अण्णा खुलले. "सांग त्यांना, मीठ मीही टाकलं होतं!"

परवा जोनबाईंना बातमी सांगायला गेले. त्यांनी माझा हात हातात घेतला. मग म्हणाल्या, "आजीला वॉल्टर शेवटचा दिसलाच नाही. पोस्टाने पदक आलं. तुला काय आलं?"

"छिन्नी," मी म्हटलं. "आणि हातोडी." भावाने कुरिअरने पाठवलेलं ते पुडकं पर्समध्येच होतं.

त्यांनी चहा संपवला आणि स्टीलचा मग पुढे केला. "इथे रोज मगांची अदलाबदल होते. घाल माझं नाव."

मी जन्मात छिन्नी धरलेली नाही. अण्णांनी धरूच दिली नाही. तुझ्या हातात पुस्तक शोभतं, म्हणायचे. 'जे' कलला. 'ओ'चा चौकोन झाला. शेजारच्या खोलीतून कोणीतरी ओरडलं, "काय ठोकताय?"

जोनबाईंनी त्या दोन अक्षरांवरून सावकाश अंगठा फिरवला.

"स्वीट ॲज," त्या म्हणाल्या; म्हणजे इथल्या बोलीत झकास. "अजून दोन राहिलीत."