आडवेरावांचा त्रेपन्नावा दिवस

आडवेराव हे नाव त्यांना मेहुण्यानं ठेवलं. टायपिंग त्यांनी अर्ध्यावर सोडलं, शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान सहा महिन्यांत बंद केलं, आणि जिन्याची भिंत रंगवताना खांदा भरून आला म्हणून ती आजही निम्मीच हिरवी आहे. उरलेला वेळ ते दिवाणावर असत. त्यामुळे ‘साठ दिवस झोपून राहणारी निरोगी माणसं हवीत’ अशी अंतराळ संशोधन केंद्राची जाहिरात आली, तेव्हा घरात कोणाला दुसरं नाव सुचलंच नाही.

“हेही अर्ध्यावर सोडून याल,” बायको म्हणाली.

“नुसतं झोपायचंय. एवढं तरी पुरं करून दाखवतो,” आडवेराव म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

केंद्रात गेल्यावर कळलं, की पलंग डोक्याकडून सहा अंश खाली कललेला असतो. अंतराळात वजन नाहीसं झालं की अंगातलं पाणी डोक्याकडे सरकतं, हाडं झिजतात, पोटऱ्या वाळतात. हे सगळं जमिनीवर घडवून बघायचं तर असा उतारच लागतो. जेवण, आंघोळ, सगळं आडव्यानं. एक खांदा कायम गादीला टेकलेला हवा. आणि मुख्य म्हणजे दिवसा झोपायचं नाही. सकाळी सहाला रक्त, मग लघवीचं माप, मग ताटातला शेवटचा घासही संपवणं. दुपारी जरा डोळा लागला की छतावरचा कॅमेरा चुगली करी आणि परिचारिका येऊन हलवी. आयुष्यात एवढी कामं त्यांनी उभ्यानंही केली नव्हती.

दहाव्या दिवशी बायको व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “चेहरा भरलाय. मानवलंय तुम्हाला.”

“पायातलं पाणी आहे ते.”

“तुमचं काही म्हणून जागेवर नसतं.”

पण ते टिकले. शेजारच्या पलंगावरचा पैलवान अठराव्या दिवशी कंबर धरून घरी गेला. डॉक्टर इतरांना आडवेरावांचं उदाहरण देऊ लागले. चाळीस दिवस उलटल्यावर बायकोनं भिंतीचा विषय काढणं बंद केलं, आणि मेहुणा चक्क ‘भावोजी’ म्हणू लागला.

त्रेपन्नाव्या दिवशी परिचारिकेच्या हातातला रक्ताच्या नळ्यांचा ट्रे कलला. आडवेराव ताडकन उठले. कुणाच्या मदतीला आपणहून उठण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. रक्त एकदम पायांकडे उतरलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि ते परिचारिकेला नि ट्रेला घेऊन खाली आले. उभं राहिल्यावर चक्कर येते का, हेच साठाव्या दिवशी मोजायचं होतं. ही चक्कर यंत्र लावण्याआधीच आल्यामुळे धरली गेली नाही. अहवालात ‘नियमभंग’ असं लिहून त्यांना घरी पाठवलं.

काठी टेकत ते दिवाणापर्यंत पोचले. बायकोनं सगळं ऐकून घेतलं. ट्रे केवढा होता, उठायला कुणी सांगितलं होतं, हेही विचारलं.

“कुणी नाही. आपोआप उठलो.”



“म्हणजे उठता येतं तर,” ती म्हणाली, आणि हिरव्या रंगाचा डबा शोधायला गेली.