माझ्या वाट्याचा ग्लास

"भाऊजी, आता तुम्ही येऊ शकता... आता काही हरकत नाही." शालूवहिनी फोनवर एवढंच बोलल्या आणि त्यांचा नवरा, माझा दोस्त वसंता गेला हे मला कळलं. चार वर्षं ज्या घराचा उंबरा मला बंद होता, तिथून असं बोलावणं येण्याचं दुसरं कारणच असू शकत नव्हतं. पहाटे त्याला रक्ताची उलटी झाली, गाडी नागपूरच्या वाटेला लागली आणि वाटेतच सगळं आटोपलं. सौंसरहून पांढुर्ण्याची बस मी आयुष्यात किती वेळा धरली असेल, पण त्या सकाळी मधली गावं कधी आली नि कधी गेली ते मला सांगता येणार नाही. अंगणात त्याला निजवलं होतं. चार वर्षांनी भेट झाली ती ही अशी.

वसंता मोटर वाइंडिंगवाला होता. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या आणि आत तांब्याची नवी तार भरायची, हा त्याचा धंदा. शाळेपासून आम्ही बरोबर. पुढे मी मास्तर होऊन सौंसरला गेलो, तरी शनिवारची शाळा सुटली की पाचला पोचणाऱ्या बसने त्याच्या दुकानात हजर. संत्र्याच्या बागा पाण्याला आल्या की त्याच्या दारापुढे जळक्या मोटारींची रांग लागे. दुरुस्त मोटर बसवायला तो बागेत जाई, मीही त्याच्या गाडीवर मागे बसून जाई, आणि पाणी धो धो पडायला लागलं की मालक खुशीने बाटली काढी. तिगावजवळच्या एका बागेत मी पहिल्यांदा अर्धा ग्लास घेतला आणि माझे कान तापले, तोंड लालेलाल झालं, छाती धडधडू लागली. मी तिथेच झाडाखाली आडवा झालो. "अबे मास्तर, तू त पुरा टमाटर झाला!" वसंता पोट धरून हसला. तेव्हापासून मी थेंब घेतला नाही, पण माझा ग्लास भरला जायचाच, कारण मालक ऐकायचे नाहीत. त्यांची पाठ फिरली की वसंता हात पुढे करी. "आण इकडे तुझा वाटा. मले काही चढत नाही."

आणि खरंच त्याला चढत नसे. ना जीभ अडखळे, ना पाय. मला त्याचं केवढं कौतुक! मी नाजूक, तो खंदा, असंच आम्ही दोघंही धरून चाललो होतो. मी शेंगदाणे सोलून त्याच्या तळहातावर ठेवायचो आणि तो माझ्या वाट्याची दारू प्यायचा. अशी वीस-बावीस वर्षं गेली.

मग सकाळी त्याचे हात कापायला लागले. दुकान उघडण्याआधीच घोट लागू लागला, तारेचे वेढे चुकू लागले, बांधलेली मोटर आठवड्यात परत येऊ लागली. वहिनींनी आणि मी त्याला नागपूरला नेलं. डॉक्टर पोरगेलासा होता, पण समजावून सांगायची त्याला हौस होती. दारू पोटात गेली, की लिव्हर आधी तिचं एक विष करतं आणि मग त्या विषाचं साधं आम्ल, व्हिनेगरमध्ये असतं तसलं. वसंताने माझ्या टमाटरची गोष्ट सांगितली, तेव्हा तो म्हणाला, माझ्यात ही दुसरी पायरी अडखळते, म्हणून विष साचतं, तोंड लाल होतं आणि शरीरच मला हात धरून बाटलीपुढून उठवतं. वसंताचं शरीर विष झटपट निपटून मोकळं व्हायचं, त्यामुळे त्याला उठवणारं कोणी नव्हतं. "एक गोळी असते, तिने यांचं शरीर तुमच्यासारखं वागेल," डॉक्टर मला म्हणाला, "पण यांच्या लिव्हरला ती आता झेपणार नाही." वसंता हसला. "म्हंजे मास्तरसारखं व्हायची बी लायकी नाही राहिली म्हना."

डॉक्टर हसला नाही. ते आम्ल रक्तातून मेंदूतही जातं, म्हणाला, आणि तिथे आठवणी घट्ट करायला हातभार लावतं. उंदरांत तरी तसं दिसलंय, माणसांतही असावं. दारूबरोबर जे जे असतं, ती जागा, तो वास, ती वेळ, ते सगळं मेंदूत पक्कं बसतं आणि पुढे त्यातलं काही नुसतं समोर आलं, तरी तलफ उठते. "तुम्हाला कशाने उठते?" त्याने विचारलं. मला वाटलं, हा बाग म्हणेल, बाटली म्हणेल. वसंता माझ्याकडे न बघता म्हणाला, "हा. हा दिसला का माह्या तोंडाले पाणी सुटते, साहेब. याचा काही कसूर नाही."

परतताना बसमध्ये वहिनींनी माझ्यापुढे हात जोडले. "भाऊजी, तुमच्या पाया पडते. तुम्ही नका येत जाऊ." मला राग आला. आयुष्यात एक ग्लास ज्याने पुरा केला नाही, तोच त्याची दारू! मी जाणं बंद केलं, तरी महिनाभर धुमसत होतो. पण वसंताने सोडली, आणि ती सोडलीच. हात थांबले, मोटारी पुन्हा नीट चालू लागल्या, असं कोणी ना कोणी येऊन सांगे आणि मला आनंद व्हायचा, जीवही जळायचा. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा त्याचा एकच फोन आला. "मास्तर, तू नको येऊ गा. तू येशील म्हनून मी नरम पडून राहिलो आतापासूनच." मी साडी पाठवली आणि दिवसभर घरात कोणाशी बोललो नाही. आज कबूल करतो, मला तो हवा होता... प्यालेला, न प्यालेला, कसाही. हे मनात यायचं आणि माझीच मला लाज वाटायची.

लिव्हरचं जे व्हायचं ते आधीच होऊन गेलं होतं. तरी डॉक्टर म्हणाला, ही चार वर्षं मिळाली ती सोडल्यामुळेच. लेकीचं लग्न त्याने शुद्धीत लावलं, नातू मांडीवर घेतला. त्यातलं मी काहीच पाहिलं नाही.

तेरावं झाल्यावर, गेल्या शनिवारी, मी वहिनींकडे जाऊन बसलो होतो. त्या चहा टाकायला उठल्या, घड्याळाकडे पाहिलं, आणि स्वयंपाकघरात न जाता पुढच्या दाराशी गेल्या. आतून कडी लावली, वर खिटीही सरकवली. मग माझ्याकडे वळल्या आणि एकदम कावऱ्याबावऱ्या झाल्या. "अगं बाई... सवयच पडून गेली. शनिवारी पाच वाजले का हे कडी लावायला सांगायचे. म्हनायचे, मास्तर दारात आला त माह्यानं नाही म्हनवनार नाही. अन् नाही आला, त मीच बसस्टँडवर जाईन त्याले पाहाले. तुमची बस येऊन निघून जायेपर्यंत दाराले पाठ लावून बसायचे, कोनाशी बोलत नव्हते."

त्या कडी काढायला गेल्या.

"राहू द्या, वहिनी," मी म्हटलं. "आज मी आत आहे."