कवळीवाल्याची झांज

पहिल्या मजल्यावरच्या मागच्या खोलीतून कुणाचा तरी गळा दाबल्यासारखा आवाज आला, की नवा भाडेकरू जिन्याकडे धावतो आणि जुना भाडेकरू चहाचा पुढचा घोट घेतो. इमारतीत कोण किती मुरलाय, ते ओळखायची हीच खूण. दारावर पुठ्ठा टांगलेला असतो : ‘गाणं चालू आहे. घरात सगळे सुखरूप आहेत.’ अक्षर वहिनींचं.

पुठ्ठ्याची वेळ आणली ती तळमजल्यावरच्या पोस्टमनकाकांनी. एका शनिवारी त्यांनी तो आवाज ऐकला, चार माणसं गोळा केली आणि दार फोडायच्या तयारीनं खांदा लावला. दार नुसतं लोटलेलं होतं. काका सरळ आत, शिलाई मशीनच्या पायाशी लोटांगण. वहिनी कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत बसल्या होत्या.

“काय झालं काका?”

“तेच विचारायला आलोय,” काका जमिनीवरूनच म्हणाले.

मागच्या खोलीतल्या कपाटात, रजया आणि लोकरी कोटांच्या मधोमध, माईकसमोर वहिनींचा नवरा, कवळीवाला, उभा होता. घामानं निथळलेला. त्यानं कपाटातून डोकं बाहेर काढलं, पाच जणांकडे बघून मान हलवली आणि पुन्हा आत गेला.

कवळीवाला हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. गावातले दंतवैद्य पेशंटच्या जबड्याचे साचे ज्या कारखान्यात पाठवतात, तिथे तो एकतीस वर्षं खोटे दात करतो. कारखाना म्हणजे तीन बाकं, प्लास्टरची धूळ, मेणाचा वास आणि पिनएवढ्या टोकाच्या घासायच्या मोटारी. ती मोटार सुरू झाली की डासाला माईक दिल्यासारखा आवाज करते. त्याच बाकावर, त्याच मोटारीवर त्याच्या आधी त्याचे वडील बसायचे. पोस्टमनकाकांच्या तोंडातली वरची कवळी वडिलांची आणि खालची मुलाची. त्यामुळे काका दोन पिढ्यांवर एकदम दात खाऊ शकतात आणि खातातही.

असा हा माणूस इतका अबोल, की जिन्यात “काय, बरं ना?” विचारलं तर मान हलवून उत्तर देणार. आणि संध्याकाळी सहा ते आठ मेटल वाजवणार. मेटल म्हणजे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : गिटार अशी, की पत्र्याची चळत जिन्यावरून ढकलून दिली, पण तालात. खाली ढोल, दोन पायांनी इतक्या वेगात वाजवलेला, की ऐकणाऱ्याच्या छातीचे ठोके त्याच्या मागे धावतात. वर झांजांचा कडकडाट. आणि या सगळ्यात माणसाचा आवाज, जो गात नाही, गुरगुरतो. शब्द असतात त्यात. वहिनींनी एकदा कागदावर वाचले आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत, इतके ते दुःखाचे होते.

तरुणपणी त्याची चार जणांची टोळी होती. एकाचं लग्न झालं, एक परदेशी गेला, ढोलवाल्याशी भांडण झालं. तेव्हापासून बावीस वर्षं तो एकटा. गिटार तोच, बास गिटारही तोच, ढोल-झांजा कॉम्प्युटरला जोडलेल्या रबराच्या चौकोनांवर बोटांनी तोच वाजवणार. मग कॉम्प्युटरवर एकेक वाद्य घेऊन कुणाला किती उचलायचं, कुणाला किती दाबायचं, ते मिक्सिंगही तोच करणार. दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही, असा त्याचा हट्ट. जगभरात मिळून चाळीसेक माणसं त्याचं ऐकतात. त्यातल्या एकालाही त्यानं पाहिलेलं नाही.

वडील गेले त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून तो नऊ गाण्यांची एक माळ करत होता, सगळी वडिलांवर. शेवटची अकरा वर्षं म्हाताऱ्याला ऐकू येत नव्हतं आणि ते त्यांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही. कुणी काही बोललं की मान हलवायचे. हळूहळू घरातलं कुणी त्यांच्याशी बोलेनासं झालं. जो माणूस सगळ्यालाच हो म्हणतो त्याला सांगायचं तरी काय? कवळीवाला तर त्यांच्यावर खेकसायचा. ते खेकसणं त्याच्या मनात रुतून बसलं होतं. नववं गाणं त्याच खेकसण्याचं होतं. ते नीट उतरलं की वडिलांचं देणं फिटलं, असं त्यानं एकदा वहिनींना सांगितलं. त्या महिन्यातलं त्याचं ते सगळ्यात लांब वाक्य.

आठ गाणी तयार झाली. नवव्याचं मिक्सिंग चाललेलं असताना वहिनी चहा घेऊन आत गेल्या आणि कप ठेवायच्या आधीच त्यांनी एक डोळा मिटला.

“अहो, झांज कानाला टोचते हो.”

“धार आहे ती.”

“धार कसली? सुई मोडून बोटात गेल्यासारखं वाटतं. आधीची गाणी अशी नव्हती. वर्षभर बघतेय, दर खेपेला जास्तच टोचतंय.”

“तुला कधीपासून कळायला लागलं?”

“बावीस वर्षं भिंतीपलीकडे बसून पँटी शिवतेय मी. मला आवडत नाही म्हणून मला कळत नाही, असं नाही.”

तो चिडला. तोंड फुगवून बसला. दुसऱ्या दिवशी मात्र, त्या घरी नसताना, त्यानं जुन्या फायली उघडल्या. झांजेचा वरचा, चिरका भाग वाढवायची एक पट्टी असते. पहिल्या गाण्यात ती पट्टी एकावर होती. तिसऱ्यात दोनवर, पाचव्यात पाचवर, सातव्यात सातवर. नवव्यात त्यानं ती अकरावर नेली होती आणि तरी काल संध्याकाळी त्याच्या मनात आलं होतं, की अजून थोडी हवी. दर वेळी त्यानं ती कानाला बरोबर वाटेल तिथेच ठेवली होती. दर वेळी ती बरोबरच वाटली होती.

कान तपासणाऱ्या बाईंनी त्याला काचेच्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. त्याला जरा हसूच आलं. हेडफोन लावून बसणं हे तर त्याचं रोजचंच. सुरुवातीचे जाड आवाज त्यानं पटापट टिपले. मग बरेच क्षण काहीच आलं नाही. तो वाट बघत राहिला. शेवटी काचेवर टकटक केलं.

“बाई, तुमचं यंत्र बंद पडलंय.”

बाईंनी यंत्राकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “नाही हो,” त्या हळूच म्हणाल्या, “चालू आहे.”

कागदावरची रेघ डावीकडे माळरानासारखी सपाट होती आणि उजवीकडे, जिथे बारीक, चिरके आवाज असतात, तिथे दरीत पडली होती. बाईंनी विचारलं काम काय करता, त्यानं मोटारीचं सांगितलं, आणि त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. कानात घालायचं यंत्र मिळेल, बोलणं स्वच्छ ऐकू येईल, असं त्या म्हणाल्या. गाण्याचं मात्र काही सांगता यायचं नाही. गेलेलं परत येत नाही. आहे ते राखा, मोटारीवर बसाल तेव्हा कान झाका.

यंत्र आलं. ते घालून त्यानं गिटार छेडली, तर डब्यात खडे वाजवावेत तसा सूर आला. यंत्र काढून त्यानं खिशात ठेवलं. कारखान्यात तो कानात कापसाचे बोळे घालू लागला. मागच्या खोलीला कडी लागली.

इमारतीला शांतता मानवली नाही. पोस्टमनकाका तीनदा जिन्यात भेटले आणि तिन्ही वेळा म्हणाले, “काय रे, मेल्यागत गप्प? शनिवारी कपाटात कुणी ओरडलं नाही तर मला रविवार आल्यासारखं वाटत नाही.” कवळीवाल्यानं तिन्ही वेळा मान हलवली.

अशा एका संध्याकाळी वहिनी त्याच्याकडे पाठ करून टाके उसवत होत्या. बोलता बोलता थांबल्या. मागे वळून म्हणाल्या, “मी आत्ता काय म्हणाले, सांगा बघू.”

त्यानं मान हलवली.

वहिनींच्या हातातली कात्री तशीच राहिली. कवळीवाल्याला कळायला एक क्षण लागला, आणि मग त्याचा चेहरा असा झाला, की वहिनींनी नंतर कुणालाच त्याचं वर्णन करून सांगितलं नाही. मान हलवणारा माणूस त्यानं अकरा वर्षं समोर बसलेला पाहिला होता. त्याच्यावर दात-ओठ खात एक गाणं रचलं होतं. आणि आता त्याच खुर्चीत तो स्वतः बसला होता.

“मी म्हणाले,” वहिनी समोर येऊन, शब्द सुटे करत म्हणाल्या, “की मी बसते तुमच्याजवळ. झांज मी ऐकते. पट्टी तुम्ही हलवा.”

“तुला काय कळणार त्यातलं?”

“टोचलं की कळतं. ढगळ झालं की कळतं. दिवसभर दुसरं काय करते मी?”

“दुसऱ्या कुणाचा हात…”

“हात नका लावू देऊ. कान तर लावू द्याल?” मग आवाज उतरला. “बाबांना कुणी असं म्हणालं असतं ना, तर ते बसले असते का गप्प? आपण कुणी म्हणालोच नाही.”

 तो उठला, खिशातलं यंत्र काढून कानात घातलं आणि म्हणाला, “पुन्हा सांग. सावकाश.”

त्या दिवसापासून मागच्या खोलीत दोन खुर्च्या झाल्या. बोलताना यंत्र कानात, गाणं लागलं की खिशात. मेटलच्या आजवरच्या इतिहासात असं मिक्सिंग कुणी केलं असेल असं वाटत नाही. वहिनी डोळे मिटून बसायच्या आणि सूचना द्यायच्या : “इथे शिवण दिसते. इथे चुणी पडली. ही झांज अंगाला घट्ट होते, थोडी सोडा. अहो, एवढी नको, आता पार झबलं झालं!” तो पट्टी वर-खाली करायचा. सुरुवातीला तोंड वाकडं करून; मग नुसता तिच्याकडे बघत. गुरगुरणं आलं की वहिनी अजूनही कपाळाला आठी घालायच्या. पण सहाव्या गाण्याच्या मध्यावर, जिथे सगळं थांबतं आणि एकटी गिटार राहते, तिथे त्यांनी पदर डोळ्याला लावला. म्हणाल्या, प्लास्टरची धूळ तुमच्या शर्टावरून उडाली.

पाचवं ते आठवं, चार गाणी अशी उसवून पुन्हा शिवली गेली. पट्ट्या खाली आल्या. दोनवर, कुठे अडीचवर. आणि गाणं खाली येऊ लागलं तसं त्याच्यासाठी ते मरू लागलं. ही गोष्ट त्यानं वहिनींना सांगितली नव्हती. तिच्या कानाला जे बरोबर बसत होतं, ते त्याला घोंगडीखालून येत होतं. झांज तर नव्हतीच. ढोलाचा नुसता धपधपाट, वर सपाट अंधार.

नववं गाणं एका रविवारी दुपारी पुरं झालं. वहिनी म्हणाल्या, “झालं. आता कुठेही टोचत नाही. कुठे सैल नाही.”

“मला मेलेलं ऐकू येतंय,” तो म्हणाला.

“मला नाही.”

“म्हणजे मी जे लोकांसाठी सोडणार, ते मी कधीच ऐकलेलं नसणार.”

“हो,” वहिनी म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

त्याचा हात पट्टीवर गेला. अकरावर नेली असती, तर त्याला त्याचं गाणं ऐकू आलं असतं. निदान एकदा, पुरतं. आणि त्या चाळीस माणसांच्या कानात सुया गेल्या असत्या. वहिनींनी हात धरला नाही. त्यानं स्वतःच हात मागे घेतला.

“एकदा पुन्हा लाव,” तो म्हणाला, “तू ऐक फक्त. मी तुझ्याकडे बघतो.”

गाणं सुरू झालं. त्याला गिटारीचा जाड भाग आला, ढोल आला, स्वतःचंच खेकसणं आलं. मग ती जागा आली जिथे त्यानं चार वर्षांपूर्वी, ही माळ सुरू करताना सगळ्यात आधी, सगळ्यात मोठी झांज ठेवली होती. त्याला तिथे काहीच ऐकू आलं नाही. समोर वहिनींच्या पापण्या मात्र थरथरल्या, खांदे किंचित वर गेले, आणि झांजेचा नाद ओसरायला जितका वेळ लागायला हवा, अगदी तितक्याच सावकाश खाली आले.

त्यानं ते शेवटपर्यंत पाहिलं. मग कॉम्प्युटरकडे वळला आणि गाणं जसं होतं तसं त्या चाळीस माणसांसाठी सोडून दिलं.